अनेक संगणक, एक निर्णय

रायपूर हे हावडा-नागपूर-मुंबई या लोहमार्गावरचे मोठे स्थानक आहे. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे एकाच राज्यात होती आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य निर्माण होऊन रायपूर स्वतःच राजधानीचे शहर झाले. तरीही नोकरी, शिक्षण, सोयरसंबंध आणि मजुरी यांनिमित्त या दोन शहरांत होणारी ये-जा कधी खंडित झाली नाही. या ये-जा करणाऱ्या माणसांची दोन साधी कामे, आगगाडीत जागा राखून ठेवणे आणि शिधापत्रिकेवर धान्य घेणे, आज संगणकांच्या साह्याने पार पडतात. वरवर पाहता ही कामे एक यंत्र करते असे वाटते. प्रत्यक्षात ती परस्परांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अनेक यंत्रांनी मिळून करावयाची असतात. ती यंत्रे आपसांत मेळ कसा राखतात आणि तो मेळ बिघडला तर काय होते, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

प्रक्रिया आणि प्रक्रियांचा गट

संगणकाला करावयाच्या कामाची जी क्रमवार सूचनापत्रिका दिलेली असते, तिला आज्ञावली म्हणतात. आज्ञावली ही पाककृतीच्या वहीसारखी असते. ती नुसती कपाटात पडून राहू शकते. ती वही उघडून स्वयंपाक सुरू झाला की त्या चालू कामाला प्रक्रिया असे म्हणतात. एका संगणकावर एकाच वेळी अनेक प्रक्रिया चालू असू शकतात. निरनिराळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रक्रिया जेव्हा एकच काम वाटून घेतात, तेव्हा त्यांचा एक गट बनतो. अशा रचनेला वितरित संगणन-व्यवस्था म्हणतात.

भारतीय रेल्वेची आरक्षण-व्यवस्था हे याचे उत्तम उदाहरण होय. दिल्ली येथे १९८५-८६ मध्ये संगणकाद्वारे आरक्षण सुरू झाले. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथेही अशी केंद्रे उभी राहिली. परंतु प्रारंभी ही केंद्रे एकमेकांशी बोलत नसत. प्रत्येक केंद्राजवळ आपापल्या गाड्यांची नोंदवही होती. परक्या केंद्राच्या गाडीत जागा हवी असली की प्रवाशाची अडचण होत असे. रेल्वेच्या माहिती-प्रणाली केंद्राने तयार केलेल्या 'कॉन्सर्ट' नावाच्या आज्ञावलीमुळे १९९९ मध्ये ही पाचही केंद्रे जोडली गेली. अनेक वाद्यांचा मेळ असा या नावाचा अर्थ आहे आणि तो येथे अगदी समर्पक ठरतो.

रायपूरच्या खिडक्या कोलकाता केंद्राशी जोडलेल्या आहेत. ज्या गाडीची नोंदवही मुंबई केंद्राकडे आहे, त्या गाडीचे तिकीट रायपूरला मागितले, की खिडकीवरील यंत्रातील प्रक्रिया, कोलकात्यातील प्रक्रिया आणि मुंबईतील प्रक्रिया असा किमान तिघींचा गट कामाला लागतो. प्रकाशतंतूतून जाणारा संदेश एका सेकंदात सुमारे दोन लक्ष किलोमीटर अंतर कापतो. रायपूरहून कोलकाता आठशे किलोमीटर धरले, तर केवळ जाण्यासच सेकंदाचा सुमारे अडीचशेवा भाग लागतो. माणसाला हा काळ जाणवत नाही. परंतु तेवढ्या अवधीत संगणक लाखो सूचना पार पाडू शकतो. म्हणजे एका यंत्राला दुसऱ्याची जी खबर मिळते ती नेहमी शिळी असते. समन्वयाचे सर्व प्रश्न या एका गोष्टीतून उद्भवतात.

आधी कोण, नंतर कोण

समजा, गाडीत एकच बर्थ शिल्लक आहे आणि तो रायपूरहून व पुण्याहून एकाच क्षणी मागितला गेला. तो कोणाला द्यावयाचा? रेल्वेने हा प्रश्न बराच सोपा केला आहे. प्रत्येक गाडीची नोंदवही एकाच केंद्राकडे असते. तेथे दोन्ही मागण्या पोहोचतात आणि तेथील प्रक्रिया नोंदवहीच्या त्या पानाला जणू कुलूप लावून एका वेळी एकच मागणी हाताळते. एकेरी लोहमार्गावर पूर्वापार चालत आलेली टोकनची पद्धत अशीच आहे. दोन स्थानकांवरील यंत्रे तारेने अशी जोडलेली असतात, की त्यांतून एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो. तो हाती असल्याशिवाय चालकाने गाडी पुढे न्यावयाची नसते. ज्याच्याकडे गोळा, त्याचाच मार्ग. प्रक्रियांच्या जगातले कुलूप म्हणजे हाच गोळा होय.

परंतु सर्व मागण्या एकाच ठिकाणी न पोहोचणाऱ्या व्यवस्थाही असतात. तेथे क्रम कसा ठरवावा? घड्याळ पाहून, असे कोणीही म्हणेल. मात्र दोन यंत्रांची घड्याळे कधीच तंतोतंत जुळत नाहीत; त्यांत पडणारा थोडासा फरकही येथे पुरेसा घातक असतो. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या अडचणीतून मार्ग दाखविला. पत्राचे उत्तर पत्राच्या आधी लिहिले जाऊ शकत नाही, ही साधी गोष्ट त्यांनी पायाभूत मानली. प्रत्येक प्रक्रियेने घड्याळाऐवजी एक आकडा बाळगावा. प्रत्येक घटनेबरोबर तो एकाने वाढवावा. संदेश पाठविताना तो आकडा सोबत लिहावा. आणि संदेश मिळताच आपला आकडा व आलेला आकडा यांतील मोठ्याहून एक अधिक असा नवा आकडा धरावा. कोलकात्याचा आकडा ४० असताना मुंबईहून ५७ आकड्याचा संदेश आला, तर कोलकात्याचा आकडा ५८ होईल. त्यामुळे कारण नेहमी परिणामाच्या आधी येते. दोन आकडे सारखे आले, तर आगाऊ ठरविलेल्या ज्येष्ठतेने निवाडा होतो. हा क्रम भिंतीवरच्या घड्याळाशी जुळेलच असे नाही. परंतु गटातील सर्वांना तो सारखाच दिसतो आणि कामाला तेवढे पुरते.

सर्व किंवा काहीच नाही

दुसरा प्रश्न अपुऱ्या राहिलेल्या व्यवहाराचा आहे. प्रवाशाने दिलेल्या पैशाची नोंद एका केंद्रात आणि बर्थची नोंद दुसऱ्या केंद्रात व्हावयाची असेल, तर दोन्ही नोंदी झाल्या पाहिजेत किंवा एकही होता कामा नये. पैसे जमा आणि बर्थ नाही, ही स्थिती प्रवाशाला मान्य होणार नाही. बर्थ दिला आणि पैसे नाहीत, ही रेल्वेला.

यासाठी जी रीत रूढ झाली तिला द्विचरणी मान्यता असे म्हणता येईल. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये लिहिलेल्या टिपणांत तिचे सविस्तर विवेचन केले आहे. चार भावांच्या सामाईक शेताच्या विक्रीवरून ती चांगली समजते. मध्यस्थ प्रथम प्रत्येक भावाकडे जाऊन विचारतो, "सही करावयास तयार आहात काय?" जो 'होय' म्हणतो, त्याला यानंतर माघार घेता येत नाही आणि आपला हिस्सा दुसऱ्यास विकताही येत नाही. चौघांचा होकार मिळाल्यावरच मध्यस्थ दुसरी फेरी करून सांगतो, "खरेदीखत झाले." एकाने जरी नकार दिला, तरी तो सर्वांना कळवितो, की व्यवहार मोडला.

या रीतीत एक उणीव आहे. चौघांनी होकार दिला आणि नेमका त्याच वेळी मध्यस्थ नाहीसा झाला, तर काय करावयाचे? भाऊ आपला शब्द मागे घेऊ शकत नाहीत, कारण मध्यस्थाने इतरांना 'झाले' असे सांगितलेही असेल. ते पुढेही जाऊ शकत नाहीत, कारण कदाचित त्याने 'मोडले' असे ठरविले असेल. शेत कुलूपबंद राहते आणि सगळे वाट पाहत बसतात. संगणकांतही मध्यस्थ प्रक्रिया बंद पडली की इतर प्रक्रिया अशाच खोळंबतात.

मौनाचा अर्थ

मध्यस्थ खरोखर नाहीसा झाला आहे, की केवळ उशीर करीत आहे, हे भावांना ओळखता आले असते तर हा पेच पडलाच नसता. येथे आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. दूरच्या यंत्राकडून उत्तर आले नाही, तर त्याची कारणे अनेक असू शकतात. ते यंत्र बंद पडले असेल. ते कामात गुंतले असेल. आपला संदेश वाटेत हरवला असेल. किंवा त्याने उत्तर दिले असून ते उत्तरच हरवले असेल. या चारही प्रसंगी विचारणाऱ्याच्या वाट्याला जे येते ते एकच असते: मौन.

मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटर्सन यांनी १९८५ मध्ये या बाबतीत एक सिद्धांत मांडला. संदेशाला किती वेळ लागेल याची कोणतीही मर्यादा नसेल आणि गटातील एखादी जरी प्रक्रिया बंद पडण्याची शक्यता असेल, तर उरलेल्या सर्वांचे ठराविक काळात हमखास एकमत घडवून आणील अशी कोणतीही निश्चित रीत असूच शकत नाही, असे त्यांनी गणिताने सिद्ध केले. कोणी अधिक हुशार आज्ञावली लिहिली म्हणून ही मर्यादा ओलांडता येत नाही.

व्यवहारात यातून जो मार्ग काढतात तो तडजोडीचा आहे. प्रत्येक सदस्य ठराविक अंतराने 'मी आहे' एवढाच संदेश इतरांना पाठवीत राहतो. डॉक्टर जशी नाडी पाहतो, तसे इतर सदस्य या संदेशांकडे लक्ष ठेवतात. काही काळ तो आला नाही, की तो सदस्य बंद पडला असावा असा संशय धरतात. हा संशय चुकीचाही असू शकतो. तुषार चंद्र आणि सॅम टूएग यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की संशय घेणारी यंत्रणा अधूनमधून चुकत असली, तरी विशिष्ट अटी पाळल्यास आणि बहुसंख्य सदस्य चालू असल्यास एकमत घडविता येते. मात्र वाट किती पाहावी, हे माणसालाच ठरवावे लागते. फार थोडी वाट पाहिली तर जिवंत सदस्याला मृत मानले जाते. फार पाहिली तर सर्व काम अडते.

सदस्यांची यादी आणि गणपूर्ती

संशय घेऊन भागत नाही. आता गटात कोण उरले आहे याविषयी सर्वांची समजूत एकच असावी लागते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात केनेथ बर्मन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात 'आयसिस' नावाची व्यवस्था उभारली, तिचा मुख्य विचार हाच होता. तीत गटाची सदस्य-यादी ही स्वतः एक जपून ठेवावयाची वस्तू मानली गेली. कोणी गटात आला किंवा गेला, की नवी यादी सर्वांना एकाच क्रमाने कळविली जाई आणि जुन्या यादीच्या काळात पाठविलेले संदेश नव्या यादीपूर्वीच सर्वांना पोहोचविले जात. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आणि फ्रान्सच्या विमान-वाहतूक नियंत्रणात या व्यवस्थेचा अनेक वर्षे उपयोग झाला.

परंतु गटाचे दोन तुकडे झाले तर? समजा, पाच सदस्यांमधील तार तुटली. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन उरले. प्रत्येक तुकड्याला वाटते, की पलीकडचे बंद पडले आणि आपणच काय तो गट. दोन्ही तुकडे निर्णय घेऊ लागले, तर एकच बर्थ दोघांना विकला जाईल. यावरचा उपाय सहकारी संस्थेच्या कोणत्याही सभासदाला परिचित आहे: गणपूर्ती झाल्याशिवाय सभेचा ठराव वैध नाही. पाचांत तिघे असलेला तुकडाच काम करील; दोघे स्वस्थ बसतील. शिवाय पाचांतून कोणतेही तीन आणि पुन्हा कोणतेही तीन निवडले, तर त्यांत निदान एक सदस्य समान असतोच. म्हणून मागील ठराव जाणणारा कोणीतरी पुढील सभेत हजर असतो आणि जुना निर्णय विसरला जात नाही. बार्बरा लिस्कॉव्ह आणि ब्रायन ओकी यांनी १९८८ मध्ये, तसेच लॅम्पोर्ट यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात, ज्या रीती सांगितल्या त्या याच तत्त्वावर उभ्या आहेत.

एक शिधापत्रिका, दोन दुकाने

आता हे सर्व विवेचन धान्याच्या दुकानाला लावून पाहू. पूर्वी शिधापत्रिका एका ठराविक दुकानाला बांधलेली असे. दुकानदार उद्धट असो, दुकान बंद असो, ग्राहकाला दुसरे दार नव्हते. २०१२ मध्ये रायपूर शहरात 'कोअर पीडीएस' नावाची व्यवस्था सुरू झाली. दुकानांत संगणकीय यंत्रे बसवून ती मध्यवर्ती नोंदवहीला जोडली गेली आणि पत्रिकाधारकाला शहरातील आपल्या पसंतीच्या दुकानातून धान्य घेण्याची मुभा मिळाली. हीच कल्पना पुढे देशभर पसरली. 'एक देश, एक शिधापत्रिका' या योजनेखाली २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये परस्परांशी जोडली गेली. छत्तीसगढ २०२२ मध्ये त्यात सामील झाले.

कल्पना करा, की रायपूर जिल्ह्यातील एक मजूर नागपुरात बांधकामावर आहे आणि त्याची पत्नी व मुले गावी आहेत. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील पाच माणसांच्या या कुटुंबाला दरमहा माणशी पाच म्हणजे एकूण २५ किलो धान्य मिळावयाचे आहे. एकाच दिवशी नवऱ्याने नागपुरात १० किलो मागितले आणि बायकोने गावी १५ किलो. दोन्ही यंत्रांनी शिल्लक २५ अशी वाचली. एकाने २५ मधून १० वजा करून १५ लिहिले. दुसऱ्याने २५ मधून १५ वजा करून १० लिहिले. जो नंतर लिहील त्याचाच आकडा टिकेल आणि सगळे धान्य उचलूनही नोंदवहीत शिल्लक दिसेल. क्रम आणि कुलूप यांची गरज येथे उघड होते.

याहून वाईट प्रसंग दुसरा आहे. नागपूरच्या यंत्राने मागणी पाठविली, नोंदवहीत १० किलो वजा झाले, पण उत्तर वाटेत हरवले. दुकानदाराच्या पडद्यावर काहीच उमटत नाही. तो धान्य देत नाही. कागदोपत्री मात्र त्या मजुराने धान्य नेले आहे. त्याने पुन्हा अंगठा ठेवला, तर आणखी १० किलो वजा होण्याचा धोका असतो. याला एक साधा इलाज आहे. प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक द्यावा; तोच क्रमांक पुन्हा आला, तर नोंदवहीने नवी वजावट न करता पहिलेच उत्तर परत पाठवावे. मग उत्तर हरवले तरी निर्धास्तपणे पुन्हा विचारता येते. इतक्या लहानशा तरतुदीवर गरीब माणसाचे महिन्याचे धान्य अवलंबून असू शकते.

आणि संपर्क पूर्णच तुटला असेल तर? एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेला आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेला विचार असा, की गटाचे तुकडे झालेले असताना नोंदींचा अचूक मेळ आणि प्रत्येक मागणीला उत्तर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. त्यांपैकी एक सोडावी लागते. दुकानदाराने नकार द्यावा किंवा मेळ पुढे कधीतरी बसेल अशा विश्वासाने धान्य द्यावे. मधला एक मार्गही आहे: हिस्से आधीच वाटून ठेवणे. नवऱ्याचे १० किलो नागपूरच्या बाजूस आणि घरचे १५ किलो गावच्या बाजूस अगोदरच बाजूला काढले, तर त्या मर्यादेत कोणालाही कोणाला विचारावे लागत नाही. जेथे विचारावेच लागत नाही, तेथे मौनाचा प्रश्नही उरत नाही.

चुकीची किंमत

आरक्षण आणि शिधा या दोन व्यवस्थांत यंत्रांपुढील पेच एकच आहे; उत्तर मात्र एकच असू शकत नाही. एक बर्थ दोन कुटुंबांना दिला, तर रात्रीच्या गाडीत ती चूक दुरुस्त करण्यास वाव नाही. म्हणून खिडकीवर थोडा वेळ थांबावे लागले, तरी ते रास्त आहे. याउलट, संपर्क तुटला असताना एखाद्या कुटुंबाला १० किलो धान्य जास्त गेले, तर पुढील महिन्यात ते वळते करून घेता येते. न दिलेले धान्य पुढील महिन्यात दिल्याने या महिन्याची भूक भागत नाही. अन्नसुरक्षा कायद्यानेही हा फरक जाणला आहे: हक्काचे धान्य मिळाले नाही, तर पत्रिकाधारकाला राज्य सरकारकडून भत्ता मिळावा, असे त्यात म्हटले आहे.

म्हणून समन्वयाची रीत निवडताना पहिला प्रश्न गणिताचा नसतो. कोणती चूक भरून निघेल आणि कोणती निघणार नाही, हे आधी ठरवावे लागते. पलीकडून उत्तर आले नाही, तर थांबावयाचे कोणी, हेही त्याच वेळी ठरते. हा निर्णय आज्ञावलीत एका ओळीने लिहिला जातो आणि नंतर कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. धान्याच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तो केवळ पडद्यावरच्या शांततेच्या रूपाने भेटतो. या शांततेचा अर्थ 'नाही' असा लावावयाचा की 'तूर्त घेऊन जा, हिशेब नंतर' असा, हे ज्यांनी त्या रांगेचा विचार केला आहे त्यांनीच ठरविणे योग्य होय.